लाइन अ‍ॅरे टांगून देणारी इंदूरमधील ध्वनिसेवा : गणेशोत्सवातील संगीतसभेनंतरचा अभिप्राय

इंदूरमध्ये ध्वनिव्यवस्था भाड्याने देणाऱ्यांची वानवा नाही. लग्नाच्या मांडवापासून रंगपंचमीच्या गेरपर्यंत (रंगांच्या मिरवणुकीपर्यंत), लागेल तेवढा आवाज लागेल त्या दिवशी मिळतो. परंतु स्पीकर उंचावर टांगायचे असतील, त्यांच्या आसपास माणसे बसणार असतील आणि कार्यक्रम ख्यालगायनाचा असेल, तर निवड एकदम आखडते. कारण तेव्हा आवाज किती मोठा यापेक्षा तो नेमका कोठे पोहोचतो आणि त्याला धरून ठेवणारे लोखंड कोणत्या हिशेबावर उभे आहे, हे महत्त्वाचे ठरते. केसरबाग रस्त्याच्या परिसरातील आमच्या मंडळाने गणेशोत्सवातील खुल्या मैदानावरच्या संगीतसभेसाठी यंदा ज्यांची सेवा घेतली, त्यांच्या कामाबद्दल सविस्तर लिहिण्याचे कारण हेच. काम चोख झाले. ज्या गोष्टी सुधारायला हव्यात, त्याही पुढे लिहितो.

आमचे मैदान लांबट आहे. मंचासमोर गाद्या, त्यांच्यामागे खुर्च्या, शेवटची रांग मंचापासून सुमारे ४० मीटरवर आणि तिच्यामागे कुंपणाला लागूनच निवासी इमारती. पूर्वी एका ध्वनिव्यवस्थापकाने आमच्याकडे मंचाच्या दोन्ही बाजूंना जमिनीवर स्पीकरची चळत उभी केली होती आणि मागच्या लोकांना ऐकू येत नाही म्हटल्यावर वरचे दोन स्पीकर बांबूच्या परांचीला दोरखंडाने बांधले होते. पुढच्या गाद्यांवरचे ज्येष्ठ श्रोते कानावर हात ठेवून बसले, मागे तान एकसलग गुंजन होऊन पोहोचत राहिली, आणि त्या दोरखंडाखालून मुले ये-जा करीत होती. त्यामुळे या वेळी दरपत्रक मागवतानाच आम्ही लिहिले होते की, स्पीकर टांगले जाणार असतील तर वजनाचा आणि कोनांचा तपशील कागदावर हवा. बहुतेकांनी फोनवर ‘सब हो जाएगा’ म्हणून विषय संपवला. यांनी कागद दिला.

दर सांगण्याआधी त्यांचा माणूस लेझरचा अंतरमापक घेऊन मैदानावर आला. त्याने विचारलेला पहिला प्रश्न मला आवडला: पुढचे लोक गादीवर बसणार की खुर्चीवर? गादीवर बसलेल्या माणसाचा कान जमिनीपासून सुमारे ८० सेंटिमीटरवर असतो आणि खुर्चीवर बसलेल्याचा १२० सेंटिमीटरच्या आसपास. खालच्या स्पीकरचा कोन ठरवताना हा फरक धरावा लागतो. त्याने पहिली गादी, खुर्च्यांची पहिली रांग, शेवटची रांग आणि कुंपण यांची अंतरे घेतली, ती ‘इझ फोकस’ या विनामूल्य मिळणाऱ्या जर्मन संगणकप्रणालीत भरली आणि दोन दिवसांनी रेखाचित्र पाठवले. त्यात प्रत्येक बाजूला ८ स्पीकर-पेट्यांची उभी माळ (हीच लाइन अ‍ॅरे), सर्वांत वरची कड साडेसहा मीटरवर आणि प्रत्येक सांध्याचा कोन वेगळा लिहिलेला होता.

उंचीचे कारण त्याने मंडळाच्या बैठकीत आकड्यांनी समजावून सांगितले आणि ज्यांना माळा टांगण्याच्या टॉवरचे भाडे खर्चिक वाटत होते त्यांचा विरोध तेथेच मावळला. मोकळ्या जागेत एकट्या स्पीकरपासूनचे अंतर दुप्पट झाले की पातळी ६ डेसिबलने उतरते. स्पीकर जमिनीवर असेल आणि पहिला श्रोता ३ मीटरवर, शेवटचा ४० मीटरवर असेल, तर दोघांच्या वाट्याला येणाऱ्या आवाजात २२ डेसिबलपेक्षा अधिक फरक पडतो. म्हणजे मागच्याला पुरेल इतका आवाज केला की पुढच्याला तो सोसवत नाही. तोच स्पीकर साडेसहा मीटरवर नेला, तर पुढच्या श्रोत्याचे अंतर वाढते, मागच्याचे जवळपास तेवढेच राहते आणि आमच्या मैदानाच्या मापांनी, म्हणजे पहिली गादी ७ मीटरवर धरून, फरक १३ डेसिबलच्या आसपास येतो. उरलेले काम कोनांनी करायचे: वरच्या पेट्या एकमेकींशी जवळपास समांतर ठेवायच्या, म्हणजे त्यांची शक्ती दूरच्या रांगांवर एकवटते, आणि खालच्या पेट्यांमधील कोन वाढवत न्यायचे, म्हणजे जवळच्या श्रोत्यांवर ती पसरून सौम्य होते. एल-अकूस्टिक्स या फ्रेंच कंपनीची व्ही-डॉस्क ही प्रणाली १९९२ मध्ये आल्यापासून मोठ्या मंचांवर ही पद्धत रुळली. आता ती मध्यम आकाराच्या मैदानांपर्यंत आली आहे, मात्र पेट्यांबरोबर कोनांचा हिशेबही आला आहे असे सर्वत्र दिसत नाही. एकसारख्या कोनात केळीच्या घडासारखे वाकवलेले स्पीकर आपल्या शहरात मी अनेक ठिकाणी पाहिले आहेत.

आमच्या रेखाचित्रात वरच्या पेटीचा रोख क्षितिजापासून साडेसात अंश खाली होता. त्यापुढचे सांधे १, १, २, २, ३, ४ आणि ६ अंश असे वाढत गेले होते, त्यामुळे तळाची पेटी साडेसव्वीस अंशांवर येऊन ७ मीटरवरच्या पहिल्या गादीकडे पाहत होती. हे आकडे मुद्दाम लिहीत आहे, कारण ते किती नाजूक आहेत हे ध्यानात आल्याशिवाय या सेवेचे मोल कळणार नाही. वरची पेटी साडेसात अंशांवर असेल तर तिचा रोख ४० मीटरवरच्या कानावर पडतो. तीच साडेपाच अंशांवर राहिली, तर रोख ५५ मीटरवर जातो, म्हणजे शेवटच्या रांगेच्या डोक्यावरून थेट मागच्या इमारतीच्या खिडक्यांत. साडेनऊ अंशांवर गेली, तर तो ३२ मीटरच्या अलीकडेच थांबतो आणि मागच्या रांगांना स्वराचे तेज मिळत नाही. दोन अंशांचा फरक नजरेने ओळखता येत नाही, आणि म्हणूनच ‘अंदाजाने थोडे खाली झुकवा’ ही पद्धत कामाची नाही.

जोडणी पाहण्यासाठी मी दुपारभर मैदानावर थांबलो. या पेट्या पुढच्या बाजूला बिजागरीसारख्या सांध्याने जोडलेल्या असतात आणि मागच्या पट्टीतील कोणत्या छिद्रात पिन घातली यावर कोन ठरतो. पिना बॉल-लॉक प्रकारच्या होत्या, म्हणजे टोकावरची गोळी बाहेर आल्याशिवाय पिन अडकत नाही आणि अर्धवट घातलेली पिन ओढली तर निघून येते. प्रमुख कारागीर कागदावरून कोन मोठ्याने वाचत होता, मदतनीस पिन घालून तोच आकडा परत म्हणत होता आणि तिसरा मुलगा प्रत्येक पिन बोटाने खेचून पाहून ‘लॉक है उस्ताद’ असे उत्तर देत होता. डाव्या माळेच्या पाचव्या सांध्याशी त्याने उत्तर दिले नाही. पिन खाली घसरली नव्हती, परंतु गोळी कडेच्या रंगाच्या पापुद्र्यावर अडली होती. त्यांनी पिन काढली, पापुद्रा खरवडला, पुन्हा घातली आणि मगच पुढच्या सांध्याकडे वळले. कोणी आवाज चढवला नाही की घाई केली नाही. ज्या संचात मुलाला ‘लॉक नाही’ असे गप्प राहून सांगता येते, त्या संचावर माझा विश्वास बसतो.

वजनाचा कागद दोन पानी होता आणि त्यात काहीही मोघम नव्हते. पेट्या ८, प्रत्येकी ३० किलो. वरची फ्रेम, जिला सगळे बंपर म्हणतात, २५ किलो. केबल आणि किरकोळ साहित्य १० किलो. चेनपुली स्वतः ३५ किलो. एका बिंदूवर एकूण ३१० किलो, आणि टॉवरच्या त्या बिंदूची परवानगी ५०० किलोंची. शॅकल (जोडणीच्या, पिनेने बंद होणाऱ्या लोखंडी कड्या) अर्ध्या इंची होते आणि प्रत्येकावर २ टनांची कार्यमर्यादा ठळक कोरलेली होती. बाजारात मिळणारे, अंगावर कोणताही आकडा नसलेले शॅकल त्यांच्या पेटाऱ्यात मला दिसले नाहीत. कार्यमर्यादा म्हणजे तुटण्याचे वजन नव्हे, तर तुटण्याच्या वजनाच्या कितीतरी खाली ठरवलेली वापरण्याची हद्द, हे आपल्याकडे नीट समजून घेतले जात नाही. ‘दोन टनांचा आहे, अडीचही घेईल’ असे म्हणणारा माणूस ती राखीव ताकद खर्च करून टाकतो, जी धक्का, झीज आणि न दिसणारी भेग यांच्यासाठी ठेवलेली असते.

ट्रसला, म्हणजे नळ्यांच्या सांगाड्याला, गुंडाळलेल्या पट्ट्यांबाबतही (स्लिंगांबाबतही) ते काटेकोर होते. पॉलिएस्टरची गोल स्लिंग मऊ असते, ट्रसच्या नळीला ओरखडा पाडत नाही, परंतु ती १०० अंश सेल्सिअसच्या वर वापरायची नसते आणि मंचावरच्या तापलेल्या दिव्यालगत ती धोक्याची ठरते. त्यांनी दिव्यांच्या बाजूच्या बिंदूंवर आत पोलादी तारांचा गाभा असलेल्या स्लिंगा वापरल्या. एके ठिकाणी दोन पायांची स्लिंग लावावी लागली, तेव्हा तिचे पाय त्यांनी लांब घेतले. त्यामागचे गणित सरळ आहे: दोन्ही पाय क्षितिजाशी ६० अंशांचा कोन करत असतील तर प्रत्येकावर एकूण भाराच्या ५८ टक्के ताण येतो, आणि पाय आखूड करून तो कोन ३० अंशांवर आणला तर प्रत्येक पायावर पूर्ण भाराइतका ताण येतो. वजन तेच, माल तोच, केवळ कोनामुळे ताण जवळपास पावणेदोन पट होतो.

माळ एकाच चेनपुलीवर होती, त्यामुळे तिचा झुकाव बंपरच्या कोणत्या छिद्रात शॅकल अडकवला यावर ठरत होता. एका बिंदूवर टांगलेली वस्तू तिचा गुरुत्वमध्य त्या बिंदूच्या बरोबर खाली येईपर्यंत झुकते, आणि खालच्या पेट्या वळलेल्या असल्याने तो मध्य कोठे येईल हे डोळ्यांना कळत नाही. छिद्राचा क्रमांक संगणकाने दिला होता. तरीही वर नेल्यावर त्यांनी बंपरवर बसवलेल्या कोनमापकाचा आकडा पाहिला, आणि उजवी माळ साडेसात ऐवजी साडेसहा अंशच झुकलेली निघाली. कारण शोधायला त्यांना वेळ लागला नाही: केबलचा जाड जुडगा तळाच्या पेटीच्या मागून लोंबत होता आणि मागची बाजू खाली ओढत होता. त्यांनी माळ पुन्हा जमिनीवर उतरवली, जुडगा टॉवरला स्वतंत्र दोरीने बांधला आणि माळ परत वर नेली. आकडा जुळला. हा एक अंश तसाच सोडला असता तर वरच्या पेटीचा रोख ४६ मीटरवर, कुंपणापलीकडे गेला असता. संध्याकाळी ऊन उतरल्यावर त्यांनी लेझरचा ठिपका शेवटच्या रांगेतील खुर्चीच्या पाठीवर पाडून आम्हालाही दाखवला. माळ वाऱ्याने गोल फिरू नये म्हणून तळाच्या पेटीपासून टॉवरला दोन बाजूंनी आडव्या दोऱ्या दिल्या होत्या. त्या भार घेत नाहीत, फक्त दिशा राखतात.

चेनपुलीवर भार सोडून देणे ही आपल्याकडची सर्वमान्य सवय आहे. पुली उचलण्यासाठी असते. माणसांच्या डोक्यावर तासन्‌तास भार धरून ठेवायचा तर एकतर ती त्या कामासाठीच बनवलेली हवी किंवा तिच्या जोडीला दुसरा स्वतंत्र आधार हवा. युरोपात विजेच्या चेन होइस्टचे (विजेवर चालणाऱ्या चेनपुलीचे) डी-८, डी-८ प्लस आणि सी-१ असे वर्ग याच कारणाने केलेले आहेत. साध्या डी-८ वर्गातील होइस्टवर दुसऱ्या आधाराविना लोकांच्या वर भार ठेवता येत नाही. आमच्याकडे हाताची पुली होती, त्यामुळे माळ जागेवर आल्यावर त्यांनी बंपरपासून टॉवरच्या वेगळ्या बिंदूला पोलादी तारेचा दोर जोडला आणि त्यातील सैलपणा जवळजवळ शून्यावर आणला. हा सैलपणा कमी ठेवणे कळीचे आहे. दोर हातभर ढिला असेल, तर पुली सुटल्यावर माळ आधी हातभर पडते आणि तिला थांबवताना दोरावर तिच्या वजनाच्या अनेक पट धक्का बसतो.

आता जमिनीबद्दल. माळव्याची काळी माती भाद्रपदात फुगलेली आणि मऊ असते, हे येथे वाढलेल्या कोणालाही सांगायला नको, आणि तरीही तिच्यावर थेट जॅक टेकवून टॉवर उभे केलेले मी पाहिले आहेत. टॉवर, माळ आणि पायथ्याशी ठेवलेली वजने मिळून सुमारे एक टन होते. जॅकची तळपट्टी १५ सेंटिमीटरची चौरस असेल, तर चार पट्ट्यांखाली दर चौरस सेंटिमीटरला एक किलोहून अधिक दाब येतो आणि एक पाय जरी रुतला तरी साडेसहा मीटर उंचीवर त्याचे विचलन कितीतरी वाढून दिसते. त्यांनी प्रत्येक पायाखाली ६० सेंटिमीटरच्या जाड लाकडी फळ्या घातल्या, ज्यामुळे तोच दाब सोळाव्या हिश्श्यावर आला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सर झाल्यावर पाणसळ लावून चारही पाय पुन्हा तपासले. एक पाय किंचित बसला होता, तो त्यांनी जॅकने सारखा केला.

मंडळात सर्वांत मोठा वाद झाला तो फ्लेक्सवरून. प्रायोजकाचा ३ मीटर रुंद आणि ५ मीटर उंच फलक टॉवरला बांधायचा असे ठरलेले होते. ध्वनिवाल्यांनी स्पष्ट नकार दिला. आमच्या सचिवांना हा अडेलतट्टूपणा वाटला, कारण स्पीकरची एवढी जड माळ जो टॉवर पेलतो त्याला कापडाचे काय ओझे, असा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न वजनाचा नाहीच, तो वाऱ्याचा आहे. ताशी ३६ किलोमीटरचा वारा, जो या दिवसांत एखाद्या सरीपूर्वी सहज सुटतो, दर चौरस मीटरवर सुमारे ६१ न्यूटन दाब देतो. स्पीकरच्या माळेचे तोंड दीड चौरस मीटरच्या आसपास, म्हणजे तिच्यावर दहा किलोंइतका रेटा येतो. त्या १५ चौरस मीटरच्या फलकावर तोच वारा ९० किलोंहून अधिक रेटा देतो, तोही आडवा आणि उंचावर. आणि वारा दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. अमेरिकेत १३ ऑगस्ट २०११ रोजी इंडियाना राज्य जत्रेत वादळी झोताने मंचावरचा सांगाडा कोसळून ७ जणांचा जीव गेला, आणि नंतरच्या चौकशांत सांगाड्याच्या कमकुवतपणाइतकाच, कार्यक्रम थांबवण्याचा अधिकार नेमका कोणाचा याबद्दलचा गोंधळ पुढे आला. यांनी तो गोंधळ आधीच मिटवला: टॉवरवर वातमापक बसवला आणि कागदावर लिहून घेतले की वारा ताशी ३६ किलोमीटरच्या वर गेला तर माळ उतरवण्याचा निर्णय त्यांचा प्रमुख घेईल आणि मंडळ त्याला अडवणार नाही. फलक शेवटी प्रवेशद्वाराजवळ स्वतंत्र चौकटीवर लागला. हा नकार मला या संपूर्ण सेवेतील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते, कारण पैसे देणाऱ्यासमोर तो द्यायला धैर्य लागते.

आवाजाबद्दल आता थोडक्यात सांगता येते, कारण जे ऐकू आले ते वरील तयारीतूनच आले. पहिली गादी आणि शेवटची खुर्ची यांत त्यांच्या मापकाने सुमारे ६ डेसिबलचा फरक दाखवला. मागच्या रांगेत तानपुऱ्याचा जवारीचा नाद वेगळा कळत होता, द्रुत तानेतील दाणे सुटे येत होते आणि नाट्यपदातील शब्द समजून घेण्यासाठी कोणी पुढे झुकत नव्हते. कुंपणापलीकडच्या इमारतीतून तक्रार आली नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार सार्वजनिक जागेच्या हद्दीवर लाउडस्पीकरची पातळी परिसराच्या मानकापेक्षा १० डेसिबलच्या वर जाता कामा नये, आणि निवासी भागाचे दिवसाचे मानक ५५ डेसिबल आहे. ही मर्यादा पाळायची तर आवाज कमी करण्याइतकाच तो श्रोत्यांवर रोखून ठेवणे हा खरा उपाय आहे. रात्री दहाच्या आत भैरवी संपली.

उणिवा आहेत. मंचाला अगदी चिकटून बसलेल्या मधल्या काही गाद्या दोन्ही माळांच्या मधोमध राहिल्या आणि तेथे गायकाचा आवाज दोन्ही कडांवरून येत असल्यासारखा वाटला. मंचाच्या कडेला दोन छोटे स्पीकर ठेवून ही पोकळी भरता आली असती, परंतु ते यादीत नव्हते आणि ऐनवेळी मागितल्यावर मिळाले नाहीत. चेनपुली आणि बंपर यांच्यामध्ये भारमापक बसवलेला नव्हता. सगळे वजन बेरजेवरून काढलेले होते, आणि बेरीज बरोबर असली तरी प्रत्यक्ष आकडा समोर दिसावा अशी माझी अपेक्षा आहे. संपूर्ण कागद इंग्रजीत होता. मैदानावर उभ्या असलेल्या आमच्या स्वयंसेवकांपैकी अनेकांना तो वाचता आला नाही, तेव्हा वाऱ्याची अट आणि टॉवरभोवतीची मोकळी जागा एवढे तरी मराठीत किंवा हिंदीत द्यावे. टॉवरभोवती दोरी लावली होती, मात्र मध्यंतरात चहाच्या गर्दीत मुले तिच्या आत शिरली. तेथे त्यांचा माणूस उभा हवा होता.

भाडे नेहमीच्या ध्वनिव्यवस्थेच्या साधारण दीडपट पडले, त्यात टॉवर, फळ्या, वजने आणि आदल्या दिवशीची उभारणी धरलेली होती, जनरेटर वेगळा. आगाऊ पाहणीचे शुल्क काम दिल्यावर वळते केले. त्यांच्याकडे सध्या टॉवरची एकच जोडी आहे, त्यामुळे गणेशोत्सव आणि नवरात्रासाठी निदान आषाढातच तारीख पक्की करावी आणि त्याच वेळी मंचाच्या कडेचे छोटे स्पीकर व भारमापक यादीत लिहून घ्यावेत. पुढच्या वर्षीसाठी आम्ही तसे पत्र त्यांना दिले आहे.